दस्तगीर मिस्त्रींचं भ्या

दस्तगीर मिस्त्री मिरजेला लेकीच्या घरी वारले, ही बातमी मला डिझेल भरताना कळली. पंपावरचा माणूस नळी टाकीत घालता घालता म्हणाला, "ताई, भ्यामिस्त्री गेला की." मी पैसे दिले, गाडी पंपाच्या बाहेर काढली आणि लिंबाखाली उभी केली. मग खाली उतरून चारी चाकांना हात लावून पाहिला. का, ते सांगता येणार नाही. त्यांच्याकडे चार वर्षं गाडी नेल्यावर ती सवय अंगात भिनली होती.

आमच्या भागात भीतीला भ्या म्हणतात. एका मेकॅनिकला 'भ्यामिस्त्री' म्हणणं म्हणजे तशी टवाळीच. पण मिस्त्रींना त्याचा राग नव्हता. कुणी तोंडावर म्हटलं तर ते म्हणायचे, "व्हय बाबा, भितो मी. तूबी भी जरा."

मी त्यांच्याकडे गेले ती नाइलाजाने. आमच्या ह्यांची कंबर गेली. दोन मणके सरकले, डॉक्टरांनी गाडी चालवायची कायमची बंद केली. दारात पिकअप उभी, चौदा वर्षांची, आमच्या आधी दोघांनी वापरलेली. माहेरी मी ट्रॅक्टर चालवत होते, म्हणून स्टिअरिंग हातात घेतलं. आठवड्यातून दोनदा इस्लामपुरात भाजी भरायची, कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणच्या खानावळींना माल द्यायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं. माणसं म्हणायची, बाई असून घाट उतरते, भ्या वाटत नाही का? मी म्हणायची, त्यात काय भ्यायचं. तेव्हा मला गाडीखाली काय काय असतं हे ठाऊक नव्हतं.

मग गाडी पन्नासच्या पुढे गेली की स्टिअरिंग हातात थरथरायला लागायचं. दोघा-तिघांनी सांगितलं, चाकाचं बॅलन्सिंग करा, थांबेल. ते करूनही थांबेना, म्हणून ताकारी रस्त्याच्या मिस्त्रींकडे गेले. पत्र्याचं एक शेड, बाहेर चिंचेचं झाड, आत एकटा माणूस. साठी ओलांडलेली, अंगाने काटकुळा, डोक्याला जाळीची टोपी, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. हाताखाली कुणी नाही. जागा सपाट होती, हँडब्रेक ओढलेला होता, तरी त्यांनी चारी चाकांना पुढून-मागून दगड लावले. जॅक लावला. जॅकवर विश्वास नाही म्हणून लाकडाचा ठोकळा लावला. ठोकळ्यावरही नाही, म्हणून काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं. मग कसलंसं पुटपुटत खाली शिरले. मला हसू येत होतं.

पाच मिनिटांनी बाहेर आले ते सरळ केबिनकडे गेले, किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"गाडी हितंच ऱ्हाणार, ताई."

"म्हणजे? उद्या माल भरायचाय."

"या हिकडं. वाका."

मी वाकले. चाकाला वळवणारा दांडा असतो, त्याच्या टोकाचा गोळा त्यांनी दोन बोटांत धरला आणि नुसता ओढला. ना पाना, ना हातोडी. तो निघून त्यांच्या हातात आला.

"ह्यो निघाला की स्टिअरिंग तुमच्या हातात आन् चाक आपल्या मनाला यील तिकडं. काल कुठं गेलता?"

"चिपळूणला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. काल घाटातल्या एकवीस वळणांवर मी रेडिओबरोबर गाणं म्हणत होते.

तरी बाईचा घासाघिशीचा स्वभाव काही गेला नाही. दोन्ही बाजूंचे गोळे, मजुरी आणि नंतरचं अलाइनमेंट मिळून अडीच हजार म्हणाले, तर मी म्हटलं, "एकाच बाजूचं बदला ना, दुसरं पुढच्या महिन्यात बघू."

मिस्त्रींनी हात पुसले. "घरात माणसं किती?"

"मी सोडून पाच."

"नावं सांगा."

मला वाटलं, बिलावर काही लिहायचं असेल. सासू, सासरे, हे, दोन मुली, अशी नावं सांगत गेले. धाकटीच्या नावाशी आले आणि थांबले. मी म्हटलं, "दोन्हीकडचे बदला."

पुढे कळलं, घासाघीस करणाऱ्या प्रत्येकाला ते नावंच विचारायचे. काही जण चिडून निघून जायचे. त्यांची गिऱ्हाइकं म्हणूनच कमी होती.

पण ते पैशाला चिकट किंवा लबाड होते असं नाही, उलटच. जुन्या गाडीच्या दुखण्यांचे त्यांनी दोन ढीग केले होते. काही दुखणी लाजवणारी आणि काही मारणारी. धूर ओकणं, स्टार्टर न लागणं, ऑइल ठिबकणं, दार न लागणं, हॉर्नचं कोकलणं ही लाजवणारी. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि गाडीचा भार झेलणारे पाटे ही मारणारी. लाजवणाऱ्या दुखण्यांवर ते खर्च करूच द्यायचे नाहीत. माझी गाडी चढाला काळा धूर सोडायची. एका ठिकाणी इंजिन खोलायचा सत्तर हजारांचा आकडा मिळाला होता. मिस्त्री म्हणाले, "गप बसा. इंजिन दमलंय. दमलेलं माणूस हळू चालतं, मरत न्हाई. एअर फिल्टर बदला, साडेचारशे रुपयं. मागनं येणारे श्या देतील, त्या घ्या." रेडिएटर गळत होता तर त्यांनी डाक लावून दिला आणि दोनशे घेतले. स्टार्टर अडला की कुठे ठोकायचं ते दाखवलं आणि त्यासाठी एक लाकडी दांडकं दिलं, फुकट. पण ब्रेकचे लायनर अजून दोन महिने चालतील असं मी म्हटलं की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. खरोखर पडायचा. मी पाहिला आहे.

गाडी दुरुस्त झाली तरी ते स्वतः चालवून पाहायचे नाहीत. त्यांनी कैक वर्षं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आपल्याला चक्कर मारायला लावायचे आणि स्वतः रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. परत आलं की पालथा हात चाकातल्या ब्रेकच्या ड्रमजवळ न्यायचे, वास घ्यायचे, कान लावायचे. "वाजणाऱ्या गाडीचं काय न्हाई ताई, ती वरडून सांगती. गप गाडीला भ्यायचं," असं एकदा म्हणाले होते.

त्यांच्या भ्याचा तमाशा मी एकदा डोळ्यांनी पाहिला. नागपंचमीचा आदला दिवस होता. जवळच्याच गावचा एक पुढारी गाडी घेऊन आला. उद्या पिकअपच्या हौद्यात पंचवीस-तीस माणसं घालून शिराळ्याला जायचं होतं. मागचा मुख्य पाटा तुटलेला. त्याचं म्हणणं, वेल्डिंगचा टाका मारून द्या, एक दिवस तर काढायचाय. मिस्त्री म्हणाले, पाट्याला टाका मारत नसतात, नवा घाला, साडेचार-पाच हजार, तोही उद्या दुपारी मिळेल, आणि तरीही हौद्यात माणसं घालू नका. पुढाऱ्याने आवाज चढवला. "तू मेकॅनिक हायस का भटजी? मुहूर्त काढायलायस!" त्याने किल्ली हिसकावली आणि गाडी चालू केली.

मिस्त्री गाडीपुढे जाऊन मातीत बसले. मांडी घालून.

"माज्या अंगावरनं न्या," म्हणाले.

कुणीतरी मोबाइल काढला. माणसं हसत होती. मी जवळ होते म्हणून मला दिसत होतं, मिस्त्रींचे दोन्ही गुडघे थडथडत होते. ते त्या माणसालाही भीत होते. बंपर कपाळापासून वीतभर अंतरावर, इंजिन गुरगुरतंय, आणि त्यांनी डोळे गच्च मिटलेले. पाच-सात मिनिटं गेली असतील. शेवटी पुढाऱ्याने शिव्या देत इंजिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी ती माणसं एसटीने गेली आणि नाग बघून सुखरूप परत आली. मिस्त्रींचा तो व्हिडिओ मात्र तालुकाभर फिरला आणि नाव पडलं ते कायमचं. गाडी गेली असती तर काय झालं असतं हे कुणालाच कळलं नाही. त्यांच्या कामाचं हेच होतं. त्यांचं बरोबर होतं हे कधी दिसायचंच नाही.

मला मात्र ते दिसलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या गाडीचा ब्रेक अधूनमधून मऊ लागायला लागला. घाटात एक-दोनदा पायडल जास्त खाली गेलं, पुन्हा दाबलं तर नीट. गॅरेजमध्ये नेलं की सगळं व्यवस्थित. मिस्त्रींनी ब्रेक ऑइल बदललं, नळ्या पाहिल्या, हवा काढली. तीनदा गाडी नेली, तीनदा काही सापडलं नाही. चौथ्यांदा ते बराच वेळ चाकाजवळ उकिडवे बसून राहिले आणि म्हणाले, "घाटातच रुसती व्हय? मग घाटातच बघाय पायजे. येतो मी."

"तुम्ही? घाटात?"

"मला सापडंना म्हून तुमाला एकटीला सोडू व्हय?"

ठरल्या दिवशी ते धुतलेला शर्ट घालून आले. माझ्या हट्टाने माल नेहमीच्या निम्मा भरला, कारण निकड होती. मिस्त्रींना तोही नको होता. कराडपर्यंत दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी धरून बसले होते. पाटणला चहाला थांबले तर कप ओठापर्यंत जाईना, अर्धा शर्टावर सांडला. कोयनानगर मागे पडलं तसे ओठ हलायला लागले. घाटमाथ्यावर मी म्हटलं, "मिस्त्री, इथे उतरून थांबा, मी एकटी खाली जाऊन येते." त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

मी दुसऱ्या गिअरवर उतरत होते. पहिली चार वळणं ब्रेक उत्तम लागला. मिस्त्री दर वळणाला विचारायचे, "कसा हाय?" मी म्हणायची, चांगला आहे. पाचव्या वळणानंतर एक सरळ उतार लागतो. तिथे मी तिसरा टाकला. पुढून एक ट्रक चढत येताना दिसला, म्हणून ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय खाली गेला. थेट तळाला. चिखलात पाय जावा तसा.

"मिस्त्री!" एवढंच मला ओरडता आलं.

आणि त्या क्षणी त्या माणसाचं थरथरणं थांबलं. मूठ सोडली. आवाज एकदम खालच्या पट्टीत आला, आणि मला अहो-जाहो करणारे मिस्त्री पहिल्यांदा अगं-तुगं वर आले.

"पाय मार. मारत ऱ्हा, सोडू नगं. दुसऱ्यात घाल. घाल! क्लच सोड."

गिअर किंचाळत पडला. गाडीने हिसका दिला, पण उतार जोराचा. ट्रक जवळ आला, त्याचा हॉर्न कानात घुसला. डाव्या हाताला डोंगर आणि पाण्याची चर, उजव्या हाताला कठडा आणि कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे. मला धाकटीचा चेहरा दिसत होता, खोटं कशाला सांगू. हात आपोआप उजवीकडे वळत होते, डोंगरावर आपटायचं भ्या वाटून.

"तिकडं न्हाई. डोंगराला घास. पोरी, डोंगराला घास!" त्यांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी थोडा थोडा ओढायला घेतला. मी डावीकडे वळवलं. चाक चरीत गेलं, पत्रा दगडाला घासून फाटत गेला, आरसा उडाला, मिस्त्रींच्या बाजूची काच त्यांच्या मांडीवर आली. गाडी तिरकी होऊन थांबली. ट्रक बाजूने निघून गेला. मागे कोबीचे गड्डे रस्त्यावरून उतारावर गडगडत होते, त्यांचा आवाज किती तरी वेळ येत राहिला.

आम्ही दोघं माझ्या बाजूने बाहेर पडलो. मिस्त्रींच्या कपाळातून रक्त येत होतं. त्यांनी आधी चाकाला दगड लावले, मग बॉनेट उघडलं. "ब्रेकचा मास्टर सिलेंडर," म्हणाले. "आतलं रबर. गार आसताना गप, गरम झालं की दगा. अडीच हजाराची वस्तू. मी आदीच बदलाय पायजे हुतं." आणि डांबरावर मटकन बसून ते रडायला लागले. मी म्हटलं, मिस्त्री, आपण वाचलो, तुम्ही वाचवलंत. तर त्यांनी मान हलवली आणि जे सांगितलं, ते इतकी वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिशीत असताना त्यांचा एक दोस्त होता, हणमंत. शिराळ्याच्या पलीकडच्या एका गावचा, टेम्पो चालवायचा. एका रविवारी तो गाडी घेऊन आला. मागच्या एका चाकाचा ब्रेक गळत होता, रविवार म्हणून सामान मिळेना, आणि हणमंताला त्याच दिवशी माल पोचवायचा होता. मिस्त्रींनी त्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी वाकवली आणि हातोडीने ठोकून चपटी केली. गळती बंद. "तीन चाकांना लागतोय, जा बिनधास्त," असं म्हणाले. त्या काळी सगळेच तसं करायचे. दुपारी एका उताराला हणमंताने जोरात ब्रेक दाबला, गाडी एका अंगाला ओढली गेली आणि पुलाखाली पडली. तो जागीच गेला.

"पंचनाम्यात लिवलं, डायवरची चूक. गाव म्हनलं, दारू प्याला आसंल. तो सुपारीबी खात नव्हता, ताई. मी ती नळी बगितली, पोलिसांच्या आवारात. कुणीच बगितली न्हवती. मीबी गप बसलो. आटव्या दिवशी त्येची आई आली, गॅरेजात ऱ्हायलेला डबा न्यायला. मला म्हनली, तुज्यासारक्या दोस्ताचं तरी ऐकून हळू चालवली आस्ती तर. मी डबा धुतला आन् तिच्या हातात दिला."

त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. शिराळ्याच्या रस्त्यालाही गेले नाहीत.

मी ओढणीने त्यांचं कपाळ बांधलं, एवढंच.

गाडी उभी व्हायला तीन आठवडे लागले. पत्रा, काच, मास्टर सिलेंडर, पुढचा पाटा, सगळं मिस्त्रींनी केलं आणि मजुरीचा विषय काढला की ऐकू न आल्यासारखं करायचे. गाडी ताब्यात देताना म्हणाले, "शिराळ्याकडं जायचं आसंल कवा, तर मला घिऊन चला." मला शिराळ्याकडे काही काम नव्हतं. मी म्हटलं, उद्याच जायचंय.

दुपारचे तीन वाजले असतील आम्ही हणमंताच्या गावात पोचलो तेव्हा. वाटेत दोनदा त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले, पुन्हा चढले. घाटात जाताना होता त्याहून त्यांचा चेहरा वाईट दिसत होता. घर विचारत गेलो. पत्र्याचं छप्पर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात वाळत घातलेल्या शेंगा, आणि त्या फोडत बसलेली एक म्हातारी. ऐंशीच्या पुढची, पण पाठ ताठ. हणमंताची आई, हौसाक्का.

"कोन हाय?"

"दस्तगीर, आक्का. इस्लामपूरचा. हणमाचा दोस्त."

तिने कपाळावर हाताचा आडोसा धरून पाहिलं. "आगं बया! किती म्हातारा झालास रं." ती पाण्याला उठायला लागली. मिस्त्री म्हणाले, "पानी नगं. आदी ऐका. मग दिऊ वाटलं तर द्या." आणि ते तिच्या समोर जमिनीवर बसले. मी अंगणाच्या तोंडाशी उभी होते. 

ते एका दमात बोलले. नळी चपटी केली, तीन चाकांना लागतोय म्हणालो, नंतर बघूनही बोललो नाही. म्हातारी शेंग हातात धरून ऐकत होती. बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "नळी म्हंजे काय?"

तिला गाडीतलं काहीच ठाऊक नव्हतं. मिस्त्रींना ते सगळं समजावून सांगावं लागलं. त्यांनी मातीत बोटाने चार चाकं काढली. पायडल काढलं. पायडलपासून प्रत्येक चाकापर्यंत रेघ ओढली. पाय दाबला की यातनं तेल जातं, आक्का, आणि चाक थांबतं. मग मागच्या एका रेघेवर अंगठा ठेवला. ही मी बंद केली.

ती त्या रेघांकडे बघत राहिली.

"म्हंजे त्येनं दाबला हुता? पाय?"

"दाबला हुता, आक्का. लय जोरात दाबला आसनार. तो हळूच चालवायचा."

"दारू?"

"न्हाई. कवाच न्हाई."

म्हातारीच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो मला लिहिता येणार नाही. तिने शेजारचं सूप उचललं आणि मिस्त्रींच्या खांद्यावर मारलं. शेंगा उडाल्या. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा सूप तिच्या हातातून गळून पडलं. मिस्त्रींनी हात वर केला नाही की मान काढून घेतली नाही.

"तीस वर्सं मी त्येला श्या दिल्या रं," ती म्हणाली. "त्येच्या फोटूला कवा फूल घातलं न्हाई मी. दारुडा म्हनून. तीस वर्सं."

मग मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"कुठं चाललास?" म्हातारी ओरडली. "बस तितंच."

ते बसले. मान न वळवता मला म्हणाले, "ताई, तुमी जावा. मी यष्टीनं यीन."

दुसऱ्या दिवसापासून ताकारी रस्त्याचं शेड उघडलं नाही. चार दिवसांनी ते लेकीकडे मिरजेला गेल्याचं समजलं, आणि मग ती पंपावरची बातमी. त्या अंगणातून निघाले तेव्हाच मी त्यांना शेवटचं पाहिलं. गाडी चालू करायच्या आधी मागे बघितलं. पसरलेल्या शेंगांच्या मधे ते खाली मान घालून बसले होते, टोपी तिरकी झालेली. म्हातारी त्यांच्या अगदी जवळ सरकून बसली होती आणि म्हणत होती, "आता सगळं सांग. तो आला तवापासनं सांग. काय घातलं हुतं त्येनं आंगात?"

"आयतवार हुता, आक्का," मिस्त्री म्हणाले. "निळा शर्ट हुता..."

मी गाडी चालू केली नाही. तशीच उतारावर सोडली, आणि वळण येईपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून, आवाज न करता खाली आले.